पर्फ स्टॅटचे आकडे जुळत नाहीत: दुपारी वेळ वाढतो, पण सायकल कमी भरतात

ताणाबाणा (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे कार्यालय आहे. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांसाठी जॅकार्डच्या नक्षीचे चित्र मागाला लागणाऱ्या फाइलमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला आहे. नक्षीचा तक्ता २,६८८ हुकांचा (उभ्या रकान्यांचा) आणि बाण्याच्या ४,८०० ओळींचा असून प्रत्येक घरासाठी एक बाइट वापरला आहे. जुना कोड हा तक्ता हुकामागून हुक, म्हणजे उभा वाचत जातो. नव्या कोडमध्ये मी तो ओळीने, म्हणजे आडवा वाचण्याची व्यवस्था केली आहे. दोन्हींची तुलना करण्यासाठी लिनक्सवरील पर्फ स्टॅट (प्रोसेसरच्या आतले मोजणी-काउंटर वाचणारे साधन) वापरतो. मशीन इंटेल आय७-७७०० प्रोसेसरचे आहे, व्हर्च्युअल नाही, आणि त्यावर इतर जड काम चालू नसते.

माझी अडचण अशी आहे की आकड्यांवर विश्वास ठेवावा असे एकही माप मला मिळत नाही. एकाच वेळी नऊ इव्हेंट (मोजायच्या घटना) मागितले, तर कॅश-मिसेसचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, न सापडलेल्या वाचनांचा) आकडा कधी सत्तर हजार येतो, कधी साडेतीन लाख, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात ५० ते ६० टक्क्यांच्या आसपासचे काहीतरी प्रमाण छापलेले असते. फक्त कॅश-मिसेस मागितले, तर आकडा स्थिर राहतो, पण जुन्या आणि नव्या कोडमध्ये जवळजवळ सारखाच येतो. प्रत्यक्षात नवा कोड पाचपट वेगवान आहे. वेग कॅशमुळे वाढला नसेल, तर मग कशामुळे वाढला?

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास घेतलेल्या मापांत जुन्या कोडला एका नक्षीसाठी ०.३३ सेकंद आणि १३९ कोटी सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागत होत्या. आता मे महिन्यात सकाळी तेच आकडे येतात, पण दुपारी तीनच्या सुमारास वेळ ०.४० सेकंद होतो आणि सायकल मात्र १२० कोटीच भरतात. इनपुट फाइल तीच, बायनरी तीच. वेळ वाढला असताना सायकल कमी होतात, याचा अर्थ काउंटर बिघडला असाच घ्यावा का?

शेवटची शंका किरकोळ आहे. इन्स्ट्रक्शनची (प्रोसेसरने पार पाडलेल्या आज्ञांची) संख्या बहुतेक वेळा अगदी जवळजवळ येते, पण मधूनच एखाद्या खेपेला ती सुमारे तीन हजारांनी कमी भरते. प्रोग्रॅममध्ये यादृच्छिक असे काहीही नाही.

होटगी रोड

पहिल्या शंकेचे उत्तर तुमच्या कंसांतच आहे. तुमच्या प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) चालू असताना प्रत्येक थ्रेडला चार सर्वसाधारण काउंटर मिळतात. त्याशिवाय इन्स्ट्रक्शन, सायकल आणि संदर्भ-सायकल (ठरलेल्या वेगाने मोजलेले ठोके) यांसाठी तीन राखीव काउंटर असतात. तुम्ही नऊ इव्हेंट मागता, तेव्हा त्यांतील दोन राखीव काउंटरांवर बसतात आणि उरलेल्या सातांना चार खुर्च्यांवर आळीपाळीने बसावे लागते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ही आळीपाळी टायमरच्या ठोक्यावर करतो, प्रत्येक इव्हेंट किती वेळ खरोखर मोजला गेला याची नोंद ठेवतो, आणि पर्फ मिळालेल्या संख्येला एकूण वेळ भागिले प्रत्यक्ष मोजलेला वेळ या गुणोत्तराने गुणून छापतो. म्हणजे अर्ध्या वेळात एक लाख मोजले गेले, तर पडद्यावर दोन लाख दिसतात आणि कंसात ५० टक्के. तो आकडा मोजलेला नसून अंदाजलेला असतो.

हा अंदाज कधी चालतो? मोजायची गोष्ट सगळ्या वेळात सारख्या दराने घडत असेल, तर चालतो. तुमच्या जुन्या कोडमध्ये तसे घडत नाही, असा माझा कयास आहे. कॅशमधील एक ओळ ६४ बाइटची असते. तुमच्या तक्त्याची एक आडवी ओळ २,६८८ बाइटची, म्हणजे बरोबर ४२ कॅश-ओळींची आहे. उभे वाचताना पहिला हुक वाचला की ४,८०० नव्या कॅश-ओळी मेमरीतून येतात आणि पुढच्या ६३ हुकांना त्याच ओळी पुरतात. चौसष्टावा हुक संपला की पुन्हा नव्या ४,८०० ओळी. म्हणजे मेमरीपर्यंत जाणारे चुकलेले वाचन ४२ झटक्यांत येते, आणि ०.३३ सेकंदाला ४२ ने भागले तर दर सुमारे ८ मिलिसेकंदांनी एक छोटा झटका पडतो. कर्नलचा ठोका सेकंदाला २५० असेल, तर आळी ४ मिलिसेकंदांनी बदलते. झटक्याच्या क्षणी तुमचा काउंटर खुर्चीवर असेल तर आकडा दुपटीने फुगेल आणि उठलेला असेल तर पडेल. या दोन लयी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की एखादी खेप सगळीच्या सगळी चुकीच्या पावलावर पडू शकते. सत्तर हजार आणि साडेतीन लाख हे आकडे मला त्यामुळे मुळीच आश्चर्यकारक वाटत नाहीत.

उपाय साधा आहे. एका खेपेत चारपेक्षा जास्त सर्वसाधारण इव्हेंट मागू नका आणि ज्यांचे गुणोत्तर काढायचे आहे ते महिरपी कंसात एकत्र बांधा. त्यामुळे ते एकाच वेळी मोजले जातात, किंवा मुळीच मोजले जात नाहीत. आणखी एक चोर आहे: कर्नलचा एनएमआय वॉचडॉग (मशीन अडकले नाही ना, यावर नजर ठेवणारा पहारेकरी). तो सायकलचा राखीव काउंटर कायमचा अडवून बसतो, त्यामुळे तुमच्या सायकलला एक सर्वसाधारण काउंटर खावा लागतो आणि बाकीच्यांना तीनच उरतात. प्रॉक फाइलप्रणालीतील कर्नलच्या निर्देशिकेत एनएमआय वॉचडॉग नावाची फाइल आहे. मोजणीपुरते तिच्यात शून्य लिहा आणि नंतर पुन्हा एक लिहायला विसरू नका.

मोजणीच्या साधनावरच शंका असेल, तर उत्तर आधी माहीत असलेले काहीतरी मोजून पाहावे, हे मी प्रत्येक नव्या मशीनवर करतो. असेंब्लीत दोनच इन्स्ट्रक्शनचे आवर्तन लिहा, एक वजाबाकी आणि एक सशर्त उडी, आणि ते १० कोटी वेळा फिरवा. प्रोसेसर या दोघींना आतून जोडून एकच म्हणून पुढे पाठवतो, तरीही मोजणीत त्या दोनच धरल्या जातात. म्हणून उत्तर २० कोटी आणि वर प्रोग्रॅम सुरू होण्याचा थोडा खर्च, एवढेच आले पाहिजे. तेवढे आले, तर काउंटरला दोष देण्याचे कारण उरत नाही.

विजापूर वेस

होटगी रोड यांनी आळीपाळीचे नेमके सांगितले आहे, पण ती दुरुस्त केली तरी मूळ प्रश्न तसाच राहतो, कारण ताणाबाणा यांनी विचारलेला इव्हेंटच त्यांना हव्या असलेल्या गोष्टीचा नाही.

पर्फमधील कॅश-मिसेस हे सर्वसाधारण नाव आहे आणि प्रत्येक प्रोसेसरवर ते वेगळ्या गोष्टीशी जोडलेले असते. इंटेलवर ते शेवटच्या पातळीच्या कॅशमध्ये, तुमच्या बाबतीत ८ एमबीच्या एल३ मध्ये, न सापडलेल्या वाचनांचे असते. त्यातही काही प्रीफेचर (पुढे लागतील अशा ओळी ओळखणाऱ्या यंत्रणा) आगाऊ आणत असलेल्या ओळी धरल्या जातात आणि काही वगळल्या जातात, असे इंटेलची पुस्तिकाच सांगते. झेन पिढीच्या एएमडीवर हेच नाव एल२ कडे बोट दाखवते. दोन मशीनवरचे कॅश-मिसेस शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत घालणे होय.

आता तुमचा तक्ता घेऊ. एकूण घरे १,२९,०२,४०० आणि एकूण कॅश-ओळी २,०१,६००. तक्ता कसाही वाचला, तरी मेमरीतून एल३ मध्ये प्रत्येक ओळ साधारण एकदाच येते, म्हणून शेवटच्या पातळीवर दोन्ही कोडचा आकडा दोन लाखांच्या आतबाहेर राहणार. तुम्हाला सारखा आकडा दिसला, तो खराच आहे. फरक वरच्या, म्हणजे कोअरच्या जवळच्या एल१ आणि एल२ या पातळ्यांवर आहे. एक हुक उभा वाचताना ४,८०० ओळी लागतात, म्हणजे सुमारे ३०० केबी. एल१ आहे ३२ केबीची आणि एल२ २५६ केबीची. पुढच्या हुकाची पाळी येईपर्यंत पहिल्या ओळी दोन्हींतून बाहेर पडलेल्या असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वाचन एल३ पर्यंत धावत जाते. आडव्या वाचनात हे धावणे चौसष्टातून एकदाच घडते. प्रीफेचर मदतीला येत नाहीत, कारण दोन वाचनांतील अंतर २,६८८ बाइट आहे. एल१ चा अंतर ओळखणारा प्रीफेचर २ केबीपर्यंतचीच झेप सांभाळतो आणि एल२ चा प्रवाह ओळखणारा प्रीफेचर ४ केबीच्या पानाबाहेर जात नाही.

पानांचा (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यांचा) विषय निघालाच आहे, तर तुमचा तक्ता बरोबर ३,१५० पानांचा भरतो. तुमच्या प्रोसेसरचा दुसऱ्या पातळीचा टीएलबी (पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी छोटी यादी) १,५३६ नोंदींचा आहे. एक हुक वरून खाली वाचताना सगळी ३,१५० पाने ओलांडावी लागतात. नोंदी निम्म्यांच्याही आतच संपतात, आणि पत्ता शोधण्यासाठी पान-तक्त्याची पायपीट जवळजवळ प्रत्येक नव्या पानाला करावी लागते. ३,१५० गुणिले २,६८८ म्हणजे सुमारे ८४ लाख ६७ हजार वेळा. माझा अंदाज असा आहे की तुमचा वेळ एल३ च्या प्रतीक्षेइतकाच इथेही जातो. म्हणून मोजायचे असेल तर एल१ आणि एल२ मधील चुकलेली वाचने आणि पूर्ण झालेल्या पायपिटींची संख्या मोजा. कॅश-मिसेस सोडून द्या.

यावरूनच तुमच्या तीन हजार इन्स्ट्रक्शनचा उलगडा होतो असे मला वाटते. एक्स८६ प्रोसेसरवर प्रत्येक इंटरप्ट (बाहेरून येणारा व्यत्यय) आणि प्रत्येक पेज-फॉल्टमागे (नवे पान पहिल्यांदा वापरताना कर्नलला घातलेली हाक) इन्स्ट्रक्शनचा काउंटर एकाने जास्त भरतो. ही जुनी आणि अभ्यासकांनी तपासलेली गोष्ट आहे. २०१३ च्या सुमारास तिच्यावर शोधनिबंधही आला होता. ४ केबीच्या पानांनी तक्ता भरला, तर ३,१५० फॉल्ट होतात. कर्नलने २ एमबीची मोठी पाने दिली, तर एकेका मोठ्या पानामागे ५११ फॉल्ट वाचतात, आणि अशी पाच-सहा पाने तक्त्यात मावतात. वजाबाकी करून पाहा: अडीच ते तीन हजार. मेमरी विखुरलेली असली की मोठी पाने मिळत नाहीत, मोकळी असली की मिळतात, म्हणून हे मधूनच घडते. ज्या खेपांत इन्स्ट्रक्शन कमी भरल्या, त्या खेपांत वेळही कमी लागला होता का, हे कृपया पाहावे. मोठी पाने मिळाली असतील, तर पायपीट जवळजवळ नाहीशी व्हायला हवी.

लॅपटॉपधारी

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या बाराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर पर्फ प्रत्येक इव्हेंटच्या दोन ओळी छापतो, एक सीपीयू-कोअर आणि एक सीपीयू-अ‍ॅटम अशी. मी दोन्हींची बेरीज करतो, पण ती बेरीज वेळेशी कधीच जुळत नाही.

होटगी रोड

कारण तिथेही तोच गुणाकार होतो. तुमच्या प्रोसेसरमध्ये मोठे आणि लहान असे दोन जातींचे कोअर आहेत आणि त्यांचे काउंटर वेगळे आहेत. प्रोग्रॅम मोठ्या कोअरवर असताना लहान कोअरचा इव्हेंट थांबलेला असतो, आणि पर्फ त्या थांबलेल्या वेळेची भरपाई गुणाकाराने करतो. समजा १४० कोटींच्या ओळीपुढे ९० टक्के आणि ९५ कोटींच्या ओळीपुढे १० टक्के छापले आहेत. तर खरी मोजणी १२६ कोटी अधिक साडेनऊ कोटी, म्हणजे १३५.५ कोटी. तुम्ही २३५ कोटी धरत होता. यापेक्षा टास्कसेट या आज्ञेने प्रोग्रॅम एकाच जातीच्या कोअरवर बांधून ठेवा आणि एकच ओळ वाचा.

भुईकोट

दुपारच्या सायकलींकडे कोणी वळलेले दिसत नाही, आणि मला तर त्याच आकड्यांत सर्वांत जास्त माहिती दिसते. काउंटर बिघडलेला नाही. १३९ कोटी भागिले ०.३३ म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ, जो आय७-७७०० चा टर्बो, म्हणजे कमाल वाढीव वेग आहे. १२० कोटी भागिले ०.४० म्हणजे ३.० गिगाहर्ट्झ, जो त्याच्या ३.६ च्या मूळ वेगाच्याही खाली आहे. दुपारी प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आहे. मे महिन्यातील सोलापूरची दुपार कशी असते हे इथे कोणाला सांगायला नको.

वेग उतरला तर वेळ वाढेल, हे समजते. सायकल का घटाव्यात, हा खरा प्रश्न आहे. कोअरची सायकल हे कोअरच्या स्वतःच्या घड्याळाचे माप आहे, पण मेमरी आणि एल३ यांची घड्याळे कोअरपासून वेगळी आहेत. एल३ कडून उत्तर यायला जितके नॅनोसेकंद लागतात, तितके कोअर मंदावला तरी साधारण तेवढेच लागतात. मात्र त्या नॅनोसेकंदांत मंद कोअरचे ठोके कमी पडतात. तुमच्या दोन मापांवरून या दोन भागांची फोडही करता येते. काही वेळ स्थिर प्रतीक्षेचा आहे आणि काही सायकल कोअरच्या स्वतःच्या कामाच्या आहेत, असे धरून दोन समीकरणे मांडली, तर कोअरचे काम सुमारे ७३ ते ७४ कोटी सायकलींचे आणि प्रतीक्षा सुमारे ०.१५५ सेकंदांची निघते. सकाळी ४.२ च्या वेगाने त्या प्रतीक्षेत ६५ कोटी ठोके पडतात आणि दुपारी ३.० च्या वेगाने साडेसेहेचाळीस कोटी. फरक सुमारे १९ कोटींचा, आणि तुमचे १३९ उणे १२० म्हणजेही १९. एल३ चे घड्याळ उन्हाने मुळीच हलले नाही असे इथे मी गृहीत धरले आहे, ते तंतोतंत खरे नसेल, म्हणून शेवटच्या अंकावर विसंबू नये. पण निम्म्याच्या जवळ वेळ निव्वळ वाट पाहण्यात जातो, हे विजापूर वेस यांच्या हिशोबाशी जुळते आहे.

यापुढे प्रत्येक मापाबरोबर संदर्भ-सायकलही मागत जा. त्या प्रोसेसरच्या मूळ वेगाने, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झनेच मोजल्या जातात आणि त्यांच्यासाठी राखीव काउंटर असल्याने सर्वसाधारण काउंटर खर्च होत नाही. सायकल भागिले संदर्भ-सायकल हे गुणोत्तर १.१७ च्या जवळ असेल तरच ते माप जमेस धरा. तुमच्या दुपारच्या मापात ते ०.८३ येईल. दोन कोडची तुलना करताना एकाचे माप सकाळचे आणि दुसऱ्याचे दुपारचे असेल, तर ती तुलना सायकलींत करा की सेकंदांत, दोन्हीकडे फसाल. सायकलींत केली, तर तापलेल्या मशीनवरचा कोड उलट चांगला दिसेल.

एक सुचवतो. कारखान्यांच्या शेजारी कार्यालय असेल, तर कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा पाहा.

ताणाबाणा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन दिवसांत केलेल्या मापांचा वृत्तांत देतो.

आधी दोन इन्स्ट्रक्शनचे आवर्तन फिरवले. २० कोटींच्या वर सव्वा लाखाच्या आसपास जास्त आले आणि आवर्तन १० ऐवजी २० कोटी वेळा फिरवले तरी वरचा भाग तेवढाच राहिला, म्हणून तो सुरुवातीचा खर्च आहे असे मानले. वॉचडॉग बंद करून चार-चार इव्हेंटचे गट बांधल्यावर कंस नाहीसे झाले. जुन्या कोडमध्ये एल१ मध्ये न सापडलेली वाचने १ कोटी ३१ लाख आली, म्हणजे घरांच्या संख्येपेक्षा थोडी जास्त, आणि पायपिटी ८३ लाखांच्या पुढे. नव्या कोडमध्ये पहिला आकडा अडीच लाखांच्या आत आला आणि दुसरा नोंद घ्यावा इतकाही उरला नाही. कॅश-मिसेस दोन्हीकडे पूर्वीसारखेच सारखे आहेत, पण आता ते मला खटकत नाहीत.

विजापूर वेस यांनी इन्स्ट्रक्शन आणि वेळ एकत्र पाहायला सांगितले होते. जुन्या नोंदी काढल्या. ज्या खेपांत इन्स्ट्रक्शन तीन हजारांनी कमी होत्या, त्या सगळ्या खेपा वेळेतही स्पष्टपणे वेगवान होत्या. त्या मी इतके दिवस अपवाद म्हणून सरासरीतून काढून टाकत होतो. आता तक्त्यासाठी मेमरी मागतानाच मोठी पाने हवीत अशी सूचना कर्नलला देतो, आणि जुना कोडही त्यामुळे बराच सुधारला आहे. नवा कोड लिहिण्यात घालवलेले दोन आठवडे आठवून थोडे वाईट वाटले, परंतु तो तरीही त्याच्यापुढेच आहे.

भुईकोट यांनी सुचवल्याप्रमाणे कॅबिनेट उघडले. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या वर सुताच्या बारीक तंतूंचा थर बसून अक्षरशः नमदा तयार झाला होता, आणि तो अख्खा एका तुकड्यात निघाला. पंख्याला हाताने अडवून हवेने पाती साफ केली. काल दुपारी सव्वातीन वाजता, खिडकी बंद आणि कूलर चालू असताना, जुन्या कोडचे सायकल भागिले संदर्भ-सायकल हे गुणोत्तर १.१६ आले, वेळ ०.३३ सेकंद आणि सायकल १३८ कोटी. हे माप मोठी पाने न मागता घेतलेले आहे, म्हणजे जानेवारीच्या मापाशी तुलना करता येईल.

भुईकोट

उत्तम. कारखान्याची हवा तीच राहणार आहे, तेव्हा तो थर पुन्हा बसेल. मापांच्या फाइलमध्ये गुणोत्तराचा एक रकाना कायमचा ठेवा. ते १.१ च्या खाली आले की पंखा साफ करायची वेळ झाली, हे त्यावरूनच कळेल.